बोटभर लाकूड

३ मार्च, मंगळवार

आज रंधा धरला. धरला म्हणजे दोन्ही हातांनी कवटाळला. उजवा हात अजून आपल्याच तंद्रीत असतो — मी एक सांगतो, तो दुसरंच करतो. झटका आल्यापासून आठ महिने शेडला कुलूप होतं. हिने तेल घालून घालून ते उघडलं, मी बाजूला नुसता उभा.

कारण ठमी, आमची लेक. काल शाळेत शिकवून तशीच आली, बोटांना खडू. म्हणाली, "बाबा, विमानासाठी एक काठी करून द्या." म्हटलं, विमान काठी टेकत चालायला लागलं का? म्हातारं आहे, मान्य आहे.

मग तिने समजावून सांगितलं. दोघं नवरा-बायको उडवतात त्या चार खुर्च्यांच्या खटाऱ्यात इंधनाचा काटा आहे, पण तो टाकी रिकामी असली तरी अर्ध्यावर डुलक्या घेत असतो. म्हणून उडायच्या आधी पंखातल्या टाकीत काठी बुडवायची, ओल कुठवर आली ते बघायचं. तोच आकडा खरा. जुनी काठी जावईबापूंच्या पायाखाली आली आणि मोडली. दातांचे डॉक्टर! लोकांचे दात सांभाळतात, एक काठी नाही सांभाळता आली.

असल्या काठ्या विकत मिळतात. मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. माझा हात कामाला लागावा म्हणून चाललंय सगळं. कळत का नाही मला? तरी हो म्हणालो.

८ मार्च, रविवार

सकाळी विमानतळावर. विमानतळ कसला — एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड, वाऱ्याची दिशा दाखवणारी एक फाटकी पिशवी. तिथल्या मेकॅनिकला सगळे 'पाना' म्हणतात. खिशातून कायम पाना डोकावत असतो, जेवतानासुद्धा.

पान्याने दोन्ही टाक्या पार कोरड्या केल्या. मग दहा लिटर मोजून ओतायचे, मी काठी सरळ खाली टेकवायची, वर काढायची, ओलीवर पेन्सिलीने रेघ मारायची. पुन्हा दहा, पुन्हा रेघ. ठमी शिडी धरून उभी होती. हात थरथरला की ती आभाळाकडे बघायची. मला दिसत होतं.

नव्वदपर्यंत रेघा झाल्या. पाना म्हणाला, "काका, कारखान्यातसुद्धा एवढं निगुतीने करत नाहीत."

येताना गाडीत मी शीळ घातली म्हणे. ही सांगत होती.

१४ मार्च, शनिवार

काठी झाली. पेन्सिलीच्या रेघांवर पटाशीने खाचा पाडल्या, आकडे तापल्या तारेने उमटवले. पॉलिश नाही, तेल नाही — ओल दिसली पाहिजे. खालचं टोक पिचलं होतं. टाकीत कुसळ पडलं तर इंजिनाच्या नळीत जायचं, म्हणून बोटभर कापून टाकलं, गोल केलं, पॉलिश पेपरने घासलं. फुटक्या टोकाचं काम माझ्या हातून आजवर गेलेलं नाही, आता काय जाणार.

कापलेला तुकडा शेडच्या खिडकीत पाचर म्हणून ठोकला. वर्षभर वाजत होती, आज गप्प बसली.

२२ मार्च, रविवार

काठी दिली. ठमीने ती गालाला लावली. लहानपणी लाकडी बैल दिला होता तेव्हाही असंच केलं होतं. जावई म्हणाले, "बाबा, ही तर दिवाणखान्यात लावायची चीज आहे." त्यांना गोड बोलता येतं. भूल देता देता सवय झाली असेल.

२९ मार्च, रविवार

फोन केला. "बरोबर दाखवते ना?"

"अगदी बरोबर, बाबा." थोडं थांबून म्हणाली. मागे जावई काहीतरी बोलले, तिने त्यांना गप्प केलं. नवरा-बायकोचं आपलं काही असतं.

११ एप्रिल, शनिवार

शेजारच्या बाईंसाठी पाट केला. पाय डगमगत नाहीत.

२ मे, शनिवार

उजव्या हाताने करवत चालवली. सरळ गेली. हिला हाक मारून दाखवली. ती रडायलाच लागली, म्हटलं अगं फळी आहे, मेली नाहीये.

१७ मे, रविवार

ठमी गेली.

१८ मे, सोमवार

लिहितोय कारण काय करावं सुचत नाही.

काल सकाळी मीच फोन केला होता. बारीक पटाशी सापडत नव्हती, मागच्या वेळी तिने आवराआवर केली होती ना. विमानाजवळच उभी होती. "डाव्या खणात, बाबा, फडक्यात गुंडाळून." मग हाताचं विचारलं, औषधाचं विचारलं. पुढच्या रविवारी येते म्हणाली. पटाशी डाव्या खणातच होती.

दीड तासाने विमान एका शेतात उतरवायला गेली. पंख विजेच्या खांबाला लागला. धावपट्टी आठ किलोमीटर राहिली होती. ती जागच्या जागी गेली. जावयांच्या मांडीचं हाड मोडलं, बाकी धडधाकट.

२६ मे, मंगळवार

घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. ही चहा दोन कप जास्त करते. मग तशीच बघत बसते.

३ जून, बुधवार

चौकशीवाल्या बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, बसक्या आवाजाच्या, चपला बाहेर काढून आल्या. ते मला आवडलं.

मी तयारी करून बसलो होतो. वाचनालयातून छोट्या विमानांवरचं पुस्तक आणलं होतं, चार दिवस तेच वाचत होतो. एकेक विचारत गेलो. इंजिन बंद पडलं का? इंधनात पाणी गेलं का? हवा खराब होती का? वजन जास्त झालं होतं का? काहीतरी यंत्राचं निघावं एवढीच इच्छा होती. लोखंडावर राग धरता येतो, लोखंडाला काही वाटत नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काका, हवा स्वच्छ होती. वजन मापात होतं. इंजिन उघडून बघितलं, ठणठणीत आहे. टाक्या फुटल्या नव्हत्या. कोरड्या होत्या."

"कोरड्या म्हणजे?"

"इंधन संपलं. समोरून वारा होता, वेळ जास्त लागला. पण मुळात निघतानाच कमी होतं." मग म्हणाल्या, "लहान विमानांत हे फार होतं. यंत्र क्वचितच दगा देतं. इंधन मोजायचं राहून जातं, नाहीतर दोघांपैकी प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने बघितलं असेल."

मी म्हटलं, माझी मुलगी गणित शिकवायची. मोजायची राहणार नाही.

त्यांनी कागद काढला. जावयांचा जबाब. दवाखान्यात घेतलेला. 'टाकी बघायचं काम त्या दिवशी माझं होतं. मी बघितली नाही. पुरेसं आहे असं तिला सांगितलं.'

खाली सही. सुंदर अक्षर आहे माणसाचं.

"आणि काठी?" मी विचारलं. "काठी होती त्यांच्याकडे. मी केलेली. अचूक."

"ते म्हणाले, काठी त्या दिवशी घरी राहिली होती. विमानातही सापडली नाही."

म्हणजे माझी काठी घरी कोपऱ्यात उभी, आणि हा माणूस तोंडाने सांगतो पुरेसं आहे.

५ जून, शुक्रवार

झोप नाही. सारखं तेच. शिडी चढायला लागली असती चार पायऱ्या. चार पायऱ्यांचा आळस!

१३ जून, शनिवार

जावई आले. दोन कुबड्या, वजन निम्मं झालेलं. हिने आत घेतलं. मी शेडमध्ये गेलो. तर तिथे आले. दारातच उभे राहिले, हत्यारांकडे बघत.

"बाबा, काम थांबवू नका."

म्हटलं, हे मला तुम्ही सांगायचं नाही.

"नाही सांगत." उभेच राहिले. मला वाटलं माफी मागतील. मागितली असती तर मी काय करणार होतो, देव जाणे. त्यांनी मागितली नाही. म्हणाले, "ती म्हणायची, तुम्ही शेड उघडल्यापासून घरात पुन्हा आवाज आला."

मी म्हटलं, काठी घरी ठेवून गेलात ना? ती परत पाठवा. माझी आहे ती.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "सापडली की देतो," म्हणाले आणि वळले. कुबडी उंबऱ्यात अडकली, तरी मी हात दिला नाही.

२१ जून, रविवार

पाना भेटायला आला होता. खिशात पाना नव्हता, पहिल्यांदाच असं बघितलं. चहा घेतला नाही. उठताना म्हणाला, "काका, एक सांगू? त्या दिवशी ते निघून गेल्यावर मी शिडी उचलून ठेवली. विमान उभं होतं तिथेच बाजूला सारलेली होती. टाकी बघायची नव्हती तर शिडी कशाला लावली?"

लावली असेल आणि चढले नसतील. आळशी माणसाचं काही सांगता येत नाही. पान्याला म्हटलं, तू मनाने चांगला आहेस, म्हणून तुला सगळे चांगले दिसतात.

३० जून, मंगळवार

बाई म्हणाल्या होत्या, घरच्यांचं काही म्हणणं असेल तर लेखी द्या. निष्काळजीपणाचा खटला भरायचा की नाही, यात त्याला वजन असतं.

लिहितोय. ही म्हणते, "अहो, तो आधीच मेल्यासारखा झालाय. आणखी काय करायचंय त्याचं?" मी म्हटलं, ठमी मेल्यासारखी झालेली नाही. ठमी मेली आहे.

असं बोलायला नको होतं. ही आतल्या खोलीत जाऊन बसली.

६ जुलै, सोमवार

पत्र नेऊन दिलं. अडीच पानं. शेवटी लिहिलं — 'मोजण्याचं अचूक साधन जवळ असताना ते न वापरणारा माणूस माझ्या मुलीच्या मृत्यूला जबाबदार आहे. त्याचं नाव मी वर दिलं आहे.' बाईंनी वाचलं. "नक्की ना, काका?" विचारलं. म्हटलं, नक्की.

वाटलं होतं बरं वाटेल. बसमध्ये दोनदा थांबा चुकला.

२३ जुलै, गुरुवार

जावयांना नोटीस गेली. त्यांच्या आईचा फोन हिला आला. ते म्हणतात, वकील नको, मला सगळं कबूल आहे. त्या माउलीला काही कळेना. हिलाही कळेना. मला कळलं असं वाटलं.

१ ऑगस्ट, शनिवार

शेडमध्ये बसतो. काम करत नाही. खिडकी तेवढी गप्प आहे.

९ ऑगस्ट, रविवार

बाईंच्या ऑफिसातून ठमीची पिशवी परत आली होती. आठ दिवस दारामागे टांगलेली. आज हिने ती खाली घेतली. गॉगल, पाण्याची बाटली, खोकल्याच्या गोळ्या, नकाशा, आणि हिशेबाची वही असते तशी बारकी वही. शाळेतल्यासारखी आखीव. किती लिटर, किती वेळ, वारा कुठून. पानापानावर तिचे आकडे, सगळे एका रेषेत.

ही म्हणाली, तुम्ही वाचा, मला चष्म्यातून दिसत नाही. चष्मा चांगला आहे तिचा.

मार्चअखेरच्या पानावर वर चौकट केलेली. जसं आहे तसं उतरवून ठेवतो, पुन्हा कुणी म्हणायला नको की मी वाकडं वाचलं.

'बाबांची काठी — रिकाम्या टाकीत पंपावर ४० भरले, काठी ५० दाखवते. तीन वेळा बघितलं. दर टाकीला १० वजा करायचे. यांनाही सांगून ठेवलंय. बाबांना अजिबात कळू द्यायचं नाही. किती दिवसांनी हसायला लागलेत.'

पुढे प्रत्येक उड्डाणाला तीच वजाबाकी. काठी इतके, वजा वीस, राहिले इतके. एप्रिलभर, मेचा पहिला आठवडा, दुसरा आठवडा. एकदाही चुकलेली नाही. सतरा मेच्या ओळीत फक्त '७०'. त्यापुढे वजाबाकी नाही.

मी शेडमध्ये गेलो. खिडकीची पाचर काढली. हातात धरली आणि कळलं. रेघा आधी मारल्या होत्या. टोक मग कापलं. खालून बोटभर गेलं म्हणजे वरची प्रत्येक रेघ बोटभर खाली आली. पन्नास वर्षं मोजून कापतोय. शिकाऊ पोराला यासाठी मी हाकलून दिलं असतं.

हिला सांगितलं. तिने ऐकलं आणि माझा उजवा हात दोन्ही हातांत घेऊन बसली. तो शांत होता. आजच शांत राहायचं सुचलं त्याला.

१० ऑगस्ट, सोमवार

जावयांकडे गेलो. दार उघडून ते बाजूला झाले. वही पुढे धरली. बघितली, आणि खुर्चीत बसले.

म्हटलं, काठीने मोजलं होतंत ना?

"हो." वही मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "एरवी तीच मोजायची. त्या दिवशी ती फोनवर होती, म्हणून मी शिडी चढलो. दोन्हीकडे पस्तीस. खाली येऊन बोटांनी दाखवलं, सत्तर. तिने मान हलवली आणि लिहिलं. मला वाटलं, वजा ती करेल. तिला वाटलं असणार, मी करूनच सांगतोय."

फोनवर कोणाशी बोलत होती, ते त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत आहे. त्यांनाही.

"मग बाईंना खोटं का सांगितलंत? मोजलंच नाही म्हणून?"

"मोजलं म्हटलं असतं तर काठी मागितली असती. काठी बघितली असती तर—" उठले, कुबडी न घेता भिंतीला धरत कपाटापर्यंत गेले. कपाटामागून काठी काढली. मधे तडा गेलेला, एका बाजूला माती वाळलेली. पाय मोडलेला माणूस, बायको शेजारी तशी, आणि लोक पोचायच्या आत याने ही काठी ओढून काढून शर्टात घातली.

"तिने तुमच्यापासून लपवलं होतं, बाबा. मी फक्त पुढे लपवून ठेवलं. तेवढंच तिचं एक काम उरलं होतं माझ्याकडे."

मी खिशातला तुकडा काढून काठीच्या टोकाला लावला. गोल केलं होतं म्हणून थोडी फट पडली, पण लाकडाच्या रेषा रेषेला मिळाल्या.

मग मी रडलो. पहिल्यांदा. सतरा मेपासून रडलोच नव्हतो, रागावलेलो होतो. जावई माझ्यापेक्षा जास्त रडले. दोघांना पाणी आणून द्यायला घरात तिसरं माणूस नव्हतं.

निघताना म्हटलं, सांगितलं असतंत तर दोन मिनिटांत खाचा बदलून दिल्या असत्या. हे मी त्यांना म्हणालो की ठमीला, कोण जाणे. ते म्हणाले, "तेच मी तिला म्हणत होतो. मार्चात तुम्ही फोन करून विचारलंत तेव्हासुद्धा. तिने मला गप्प केलं."

१२ ऑगस्ट, बुधवार

बाईंच्या टेबलावर काठी ठेवली. शेजारी तुकडा ठेवला, वही उघडून ठेवली. त्यांनी वहीतली चौकट वाचली. मग विचारलं, "काका, म्हणजे पत्र मागे घेताय?"

म्हटलं, नाही. पत्र बरोबर आहे. वरचं नाव तेवढं खोडा, माझं घाला.